जादा तास कुठून सुरू होतो, ते आधी बघा

पत्र:
माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला आहे. आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जातो. तिसरी ते पाचवी ती आमच्यासंगं कारखान्यावर असायची, सहावीला तिला आजीजवळ ठेवली. या वेळी गणिताच्या घटक चाचणीत तिला वीसपैकी चार गुण पडले. सरांनी कच्च्या लेकरांसाठी शाळा सुटल्यावर जादा तास सुरू केलाय, त्यात तिचं नाव आलंय. ती जायला तयार नाही. बाकीच्या पोरी 'ढ वर्ग' म्हणून हसतात म्हणते. तिचे वडील म्हणतात, अंबाजोगाईला क्लास लावू, नाहीतर राहू दे, पोरीला गणित घेऊन काय करायचंय. दिवाळी झाली की टोळी निघेल. सासूबाईंचे गुडघे फार दुखतात, म्हणून पोरीला संगंच न्यावं की काय, असंही घरात चाललंय. मी स्वतः चौथी शिकले. काय करू?
– एक आई, केज तालुका, जि. बीड

ताई,

आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. लेकीला जादा तासाला पाठवा. अंबाजोगाईचा क्लास आत्ता नको. आणि काहीही करून या हंगामात तिला फडावर नेऊ नका. तुम्ही या तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्यात, पण त्यांचं मूळ एकच आहे आणि ते तुमच्याच एका वाक्यात आहे: तिसरी ते पाचवी ती तुमच्यासंगं कारखान्यावर होती.

शाळा जूनच्या मध्याला उघडते. टोळ्या दिवाळीच्या आगंमागं निघतात आणि परततात ते मार्च-एप्रिलात. म्हणजे त्या तीन वर्षांत तिनं प्रत्येक इयत्तेचं अर्धंच पुस्तक पाहिलं, आणि दर वेळी पहिलंच अर्धं. भाषेचं नुकसान थोडंफार भरून निघतं. लेकरू बोलतं, ऐकतं, रस्त्यावरच्या पाट्या वाचतं. गणिताचं तसं होत नाही. पाचवीचंच घ्या. दशांश अपूर्णांक पुस्तकाच्या दुसऱ्या विभागात आहेत. वर्गात ते फळ्यावर आले तेव्हा तुमची लेक कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, पाणी भरत असेल. परत आली तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर होती, ती कशीबशी झाली आणि ती पुढच्या वर्गात गेली. सुटलेलं मागं राहिलं ते राहिलंच.

आता सातवीत परिमेय संख्यांवरील क्रिया आहेत, बैजिक राशी आहेत, समप्रमाण-व्यस्तप्रमाण आहे, बँक व सरळव्याज आहे. परिमेय संख्यांची बेरीज करायला अपूर्णांकांची बेरीज यावी लागते, तिला लसावि लागतो, लसाविला पाढे आणि भागाकार. खालचं यातलं एक जरी सुटलेलं असेल, तर सर वर कितीही जीव तोडून शिकवोत, लेकराला फळ्यावर नुसती चिन्हं दिसतात. ती मुकाट उतरवून घेते. वही भरलेली असते, म्हणून घरी वाटतं की अभ्यास चाललाय.

म्हणून तिला ढ म्हणणाऱ्यांचं काही ऐकू नका. तिला जे शिकवलंच गेलं नाही, ते तिला येत नाही, एवढीच गोष्ट आहे. आणि ती एकटीही नाही. 'असर' नावाचा खेड्यापाड्यांतल्या मुलांचा पाहणी अहवाल निघतो. २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागण्याचं गणित सोडवता आलं. म्हणजे निम्म्याहून जास्त लेकरं आठवीत पोचूनही तिसरी-चौथीच्या भागाकारापाशी थांबलेली आहेत. हसणाऱ्या पोरींपैकीही काहीजणी तिथंच असतील.

आता तुम्हाला एक काम सांगतो. चौथी शिकल्यात ना, तेवढं त्याला पुष्कळ झालं. संध्याकाळी स्वयंपाक उरकला की लेकीला वही-पेन घेऊन जवळ बसवा आणि खालची गणितं एकेक करून द्या. परीक्षा घेतेय असं म्हणू नका. 'मला शिकायचंय, तू करून दाखव' म्हणा. उत्तरं मी इथंच देतो.

पहिलं, ४०२ वजा १७८. उत्तर २२४. तिनं ३७६ लिहिलं, तर ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतेय: आठातून दोन, सातातून शून्य, चारातून एक. म्हणजे हातचा घेणं तिला कळलेलं नाही, विशेषतः मध्ये शून्य आलं की. ही तिसरीची गोष्ट आहे.

दुसरं, ६१८ भागिले ६. उत्तर १०३. खूप लेकरं १३ लिहितात. सहाला सहानं एक वेळा, मग एकाला सहा जात नाहीत म्हणून पुढचा आठ खाली घेतात, पण वर शून्य द्यायला विसरतात. तिनं १३ लिहिलं तर रागावू नका. विचारा, 'सहाशे अठरा रुपये सहा बायांत वाटले, तर एकीला तेराच रुपये येतील का गं?' ती स्वतःच थबकली, तर समजा की अंदाज शाबूत आहे, रीत तेवढी कच्ची आहे. थबकलीच नाही, तर संख्या केवढी आहे हेच मनात उमटत नाही, आणि तिथून सुरुवात करावी लागेल.

तिसरं, अर्धा अधिक एक-तृतीयांश, म्हणजे वहीत १/२ + १/३. उत्तर ५/६. वरचे अंक वरच्यात, खालचे खालच्यात मिळवून २/५ लिहिलं असेल, तर अपूर्णांक तिला एकावर एक ठेवलेले दोन सुटे आकडे वाटतात. गंमत अशी की २/५ हे अर्ध्यापेक्षाही कमी आहे. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा मिळवला आणि भाकर कमी झाली, असं कसं? एक भाकरी घेऊन तिला करूनच दाखवू द्या.

चौथं, ०.५ मोठं की ०.३५? बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. अर्धा किलो साखर आणि साडेतीनशे ग्रॅम साखर, यात जास्त कुठली, हे मात्र त्याच लेकराला पटकन कळतं. दुकानातलं गणित येतंय आणि वहीतलं येत नाही, असं झालं तर मला आनंदच होईल. मग जोडून द्यायचं काम तेवढं बाकी राहतं.

पाचवं तोंडी सांगा: एका बाईनं ३७ किलो कापूस वेचला, किलोला १२ रुपये ठरले, १५० रुपये तिनं आधीच उचलले होते, तर हातात किती येतील? उत्तर २९४. इथं आकडेमोडीकडं कमी लक्ष द्या. आधी गुणायचं आणि मग वजा करायचं, हे तिला आपसूक सुचतं का, ते बघा.

चुकलं की लगेच 'चूक' म्हणू नका. 'हे कसं केलंस, मला सांग' एवढंच विचारा आणि गप्प ऐका. सातवीला गणित शिकवताना माझं निम्मं काम या एका प्रश्नानं व्हायचं. लेकरं उगाच काहीतरी चुकत नसतात. त्यांच्या चुकीला एक रीत असते, आणि ती सापडली की काय शिकवायचं ते सापडतं. जिथं ती पहिल्यांदा अडली, ते गणित तिच्याच अक्षरात असलेलं पान फाडू नका, जपून ठेवा.

ते पान घेऊन सरांना भेटा. सर शाळा सुटल्यावर थांबतात, ही लहान गोष्ट नाही. तास घेऊन वर माहित्या भरणं, निवडणुकीची कामं, सगळं त्यांच्याच गळ्यात असतं. म्हणून तक्रार घेऊन जाऊ नका, पान घेऊन जा. म्हणा, 'सर, ही इथं अडकते. जादा तासाला हिला इथून घ्याल का?'

सगळं या एका प्रश्नावर आहे, ताई. जादा तासाला जर सातवीचाच धडा पुन्हा घेतला जात असेल, दुपारी वर्गात जे झालं तेच संध्याकाळी हळू आवाजात, तर लेकराला एकाच दिवसात दोनदा न समजण्याची शिक्षा होते. असा तास महिनाभरात ओस पडतो आणि मग सगळे म्हणतात, पोरांनाच गरज नाही. जादा तास चौथीत सुटलेलं धरायला हवा. पाचवीचं लेकरू आणि आठवीचं लेकरू दोघंही भागाकारापाशीच अडले असतील, तर दोघांना एका गटात बसवायला हरकत नाही. गट इयत्तेचा नको, अडलेल्या जागेचा हवा.

हे नुसतं माझं मत नाही. 'प्रथम' संस्थेनं मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' नावाचा उपक्रम चालवला होता. तिसरी-चौथीतली मागं पडलेली पंधरा-वीस मुलं रोज साधारण दोन तास वर्गातून वेगळी बसवायची आणि त्यांना सुटलेलं मूळचं वाचन-गणित शिकवायचं. शिकवणारी असायची त्याच वस्तीतली, दहावी-बारावी झालेली मुलगी. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपक्रम नीट तपासला आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. मुलांचे गुण वाढले, आणि जास्त फायदा झाला तो सर्वांत मागं असलेल्यांना. बॅनर्जी-डुफ्लोंना पुढं २०१९ मध्ये नोबेल मिळालं. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती शिकवणाऱ्या मुलीची. तुमच्या गावात बारावी झालेली एखादी पोरगी असेलच. सरांना रोज जमत नसेल, तर त्यांनी काय घ्यायचं ते ठरवून द्यावं आणि तिनं दिवसाआड तास घ्यावा. हे अगदी जमण्यासारखं आहे.

सरांनी हे मनावर घेतलं नाही तर? तसं होणार नाही असं मी धरून चालतो. तरी एक माहीत असू द्या. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहणं आणि लागेल तिथं जादा शिकवणं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. जादा तास ही कुणाची मेहरबानी नाही, तुमच्या लेकीचा तो हक्क आहे. कलम २१ प्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. तुमच्या गावच्या समितीत कोण बाया आहेत ते शोधा आणि त्यांच्याशी बोला. खूपदा त्यांची नावं कागदावरच असतात. त्यांना बैठकीला बसवलं तरी बरंच हलतं.

आता हसण्याचं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला चार गुणांपेक्षा हे हसणं जास्त लागतं. 'तू लक्ष देऊ नकोस' म्हटल्यानं काही होत नाही, मोठ्या माणसांनाही ते जमत नाही. दोन गोष्टी करता येतात. पहिली, सरांना सांगा की यादी फळ्यावर लिहू नका, वर्गात नावं वाचू नका आणि 'कच्ची मुलं' हा शब्द मुलांसमोर वापरू नका. मुलांचा मानसिक छळ करायला त्याच कायद्याच्या कलम १७ नं मनाई आहे, पण ते कलम काढायची वेळ यायला नको. शांतपणे सांगितलं तर शिक्षकाला कळतं. तास सकाळी परिपाठाच्या आधी घेता आला तर फार बरं. बाकीचे घरी निघताना हिनं मागं बसणं तरी टळेल, आणि थंडीच्या दिवसांत अंधार पडायच्या आत पोरी घरी पोचतील. खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासिकेला मात्र हा तास लावू देऊ नका. ज्या तासिकेला ती खुशीत असते तीच काढून घेतली, तर गणिताचा राग दुप्पट होईल.

दुसरी गोष्ट तुमच्याच हातात आहे. लेकीला खरं सांगा. 'तू तीन वर्षं अर्धीच शाळा शिकलीस, कारण आम्ही तुला संगं नेली. राहिलेलं अर्धं आता घ्यायचंय, त्यासाठी तो तास आहे.' हे बोलताना तुमचा गळा दाटेल, मला माहीत आहे. पोटामागं जावं लागलं, लेकराला कुणाजवळ सोडावं हा प्रश्न होता, यात तुमचा गुन्हा काही नाही. पण तिनं मनात धरलंय की आपल्या डोक्यातच काहीतरी कमी आहे. ते तिच्या मनातून काढायला तुमच्याइतकं चांगलं माणूस दुसरं नाही.

क्लासबद्दल थोडक्यात. लातूर-अंबाजोगाईच्या क्लासची ख्याती मी नाकारत नाही. पण तिथं भरलेल्या वर्गात सातवीचा अभ्यासक्रम पुढं पळतो, चौथीपाशी थांबून कुणी एकीसाठी वाट बघत नाही. झरा बुजलेल्या विहिरीवर मोठी मोटार बसवली तरी पाणी वाढत नाही, आणि क्लासचे पैसे तुम्हाला उचलीतूनच, म्हणजे तोडणीच्या आगाऊ पैशातूनच, काढावे लागतील. कुणी शाळेतलेच शिक्षक घरी शिकवणीला बोलवत असतील, तर ते कायद्यात बसत नाही, कलम २८ वाचायला सांगा. नववी-दहावीला गरज पडली तर क्लासचा विचार नक्की करा. तोवर हा पैसा राखून ठेवा.

लेकीच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि एक विचारा. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. चौतीस टक्के म्हणजे टनामागं नेमके किती रुपये, आपण तोडले किती टन, उचल फिटली किती, खाडे किती धरले, हा हिशोब मुकादमाच्या वहीतून कोण तपासतं? टक्केवारी, गुणाकार, वजाबाकी, सगळं सातवीपर्यंतचंच गणित आहे. घरात ते करणारं एक माणूस असलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?

आणि पुढच्या वर्षी ती आठवीत जाईल. २०२३ च्या नियमापासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालं तर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, त्यातही नाही जमलं तर तोच वर्ग. आपल्या भागात आठवीत मागं राहिलेली पोरगी पुढच्या जूनला शाळेत येईलच याची खात्री नसते. शाळा सुटली की घरात लग्नाचं बोलणं निघतं, अठरा पूर्ण व्हायच्या आत, आणि मग आणखी एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी, तयार होतो. हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. चार गुणांचा हा प्रश्न मला लहान वाटत नाही, तो यामुळं.

तुम्ही फडावर गेल्यावरही तुम्हाला तिला साथ देता येईल. रात्री फोन लावाल तेव्हा जेवणाखाणाचं विचारून झालं की म्हणा, 'आज तासाला काय घेतलं? मला समजावून सांग.' ती सांगताना अडखळली तरी मधे बोलू नका. दुसऱ्याला सांगताना गणित जितकं पक्कं होतं तितकं दहा वेळा लिहून होत नाही. पाढेही असेच फोनवर ऐका, पण ओळीनं नको, उलटसुलट: सात आठे किती, नऊ साते किती. आजींना म्हणावं, किराणा आणायला तिलाच धाडा आणि पावशेर डाळीचे किती झाले, सुटे किती परत आले, ते रोज विचारा.

घटक चाचणीचे गुण लगेच वाढणार नाहीत. चाचणी सातवीच्या धड्यांवर असते आणि ती अजून चौथीचं भरून काढत असेल. संक्रांतीच्या सुमारास वरच्यासारखीच गणितं आकडे बदलून कुणाकडून तरी द्यायला लावा. ५०३ वजा २६७ मध्ये हातचा नीट आला आणि ८२४ भागिले ८ मध्ये वरचं शून्य जागेवर बसलं, तर तास योग्य चाललाय. उत्तरं २३६ आणि १०३. नाहीच आलं, तर तीच चुकलेली पानं घेऊन घरातल्या कुणाला तरी पुन्हा सरांकडं पाठवा.

पण हे सगळं ती गावात राहिली तरच. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवायची सोय आहे, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ते चालतं. लेकरांना दोन्ही वेळचं जेवण तिथं मिळतं, म्हणजे सासूबाईंवर स्वयंपाकाचा भार पडत नाही. तुमच्या गावात ते या वर्षी सुरू होणार आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा. नसेल तर जाणाऱ्या सगळ्या घरांची, लेकरांची नावं एकत्र लिहून द्या, एकटीच्या मागणीला वजन येत नाही. याशिवाय ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये सुरू झाली आहे, तिच्यात मुलींची वसतिगृहं वेगळी आहेत. बीडच्या समाजकल्याण कार्यालयात तिची चौकशी करता येईल. सरांना भेटायला दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. वसतिगृहाचं मात्र याच आठवड्यात बघा, टोळीची उचल ठरून गाडी भरायला लागली की कुणालाच वेळ नसतो.